हणमंतप्पांनी उतरवलेला हॉर्न

लोहाऱ्यात कुणाला जुनी जीप विकायची असली की तो आधी गिऱ्हाईक शोधत नाही, हणमंतप्पांना शोधतो. बाकीचे मिस्त्री गाडीला साज चढवतात, हे चढवलेला साज उतरवतात. रुंद टायर, डोळे दिपवणाऱ्या लायटी, मागं जोडलेला जादा बाक. पोटाला चिमटा काढून बसवलेलं हे सगळं विकायच्या वेळी उलट किंमत पाडतं. पासिंगला गाडी अडते, आणि घेणाऱ्याला दुसऱ्याची हौस नको असते. "साजाला पैका न्हाय, गाडीला हाय," हे हणमंतप्पा चाळीस वर्षं सांगत आलेत. काढलेल्या वस्तूकडं ते वळूनही बघत नाहीत. माणूस तसा कोरडाच. बायको गेली तेव्हा चौथ्या दिवशी गॅरेज उघडून बसले होते, आता बोला.

गेल्या उन्हाळ्यात वेशीजवळची नागम्मा त्यांच्याकडं आली. तिचा नवरा ईरण्णा वडापची, म्हणजे गावोगाव सवाऱ्या भरून नेणारी जीप चालवायचा. वर्षापूर्वी स्टिअरिंगवरच तो गेला, आणि तेव्हापासून जीप अंगणात उभी होती.

"मामा, गाडी मूळ रूपात आणून द्या. पण हॉर्न आधी काढा."

दोन कर्ण्यांचा तो हॉर्न सगळ्या गावाला ठाऊक होता. दुपारी साडेबाराला जेवायला येताना ईरण्णा तो दोनदा वाजवायचा. पहिल्या आवाजाला नागम्मा तवा चढवायची, दुसऱ्याला भाकरी टाकायची.

"अजून वाजतोय, मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बॅटरी काढून वरीस झालं, तरी साडेबाराला वाजतो. हात आपसूक पिठात जातात. रोज एक भाकरी उरती. असंच चाललं तर मला याड लागंल."

"वारं असंल," हणमंतप्पा म्हणाले आणि पाना उचलला.

तेरखेड्याच्या गौरीशंकरांनी गाडी बघून ठेवली होती. सगळा साज उतरवला तर चाळीस हजार जास्त द्यायला ते तयार होते. हणमंतप्पांनी दोन दिवसांत जीप सोलून काढली. हॉर्नच्या तारा तोडल्या, कर्णे पोत्यात घातले, पोतं कोपऱ्यात टाकलं.

तिसऱ्या दिवशी ते डबा उघडून बसले होते. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यातलं पोतं वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं.

"साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे, असं हणमंतप्पा पुटपुटले. भीती वाटली की त्यांच्या तोंडून कानडीच बाहेर पडायचं. घास तसाच टाकून त्यांनी पोतं उचललं आणि गॅरेजमागच्या पडक्या आडात फेकून दिलं. गाडी त्याच आठवड्यात चांगल्या भावानं गेली. हणमंतप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

पंधरवड्यानं नागम्मा परत आली. तोंड उतरलेलं, गालफडं बसलेली.

"हॉर्न द्या, मामा."

"तुलाच नको होता न्हवं?"

"वाजत होता तवर वाटायचं, वाजू नये. आता साडेबारा वाजतात अन् कायच न्हाय. कुणासाठी तवा चढवू? तीन दिस चूल पेटली न्हाय."

हणमंतप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या धंद्याची लाज वाटली. "म्या भ्यालो, पोरी," ते म्हणाले. "आडात टाकला."

नागम्मा गॅरेजमागं गेली. आडाच्या कठड्याशी जाऊन बसली. हणमंतप्पाही तिच्यामागं गेले. खाली काळं पाणी होतं, त्यात कडुनिंबाची पानं पडलेली. ऊन डोक्यावर आलं तरी दोघं तिथंच.

मग पाण्याखालून तो वाजला. घशात पाणी गेल्यासारखा, पण तोच.

नागम्मा ताडकन उठली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की हणमंतप्पांच्या अंगावर काटा आला. "दुसरा वाजायच्या आत पोचाय पायजे," असं म्हणून पदर खोचत ती वेशीकडं पळत सुटली.

हणमंतप्पा कठडा घट्ट धरून आडात बघत राहिले. दुसरा हॉर्न वाजला. तो आडातून आला नव्हता, नागम्माच्या अंगणातून आला होता.