डावा गुडघा

फ्रेंच मी पुण्यात शिकले, कारण मला फ्रान्सला जायचं होतं. प्रवेश मिळाला जर्मनीत. त्यामुळे कोलोनला आल्यावर कितीतरी वर्षं ती भाषा माझ्याकडे नुसतीच पडून होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाडूंना दुखापतीनंतर पुन्हा उभं करायचं, हे आमच्या रेहा सेंटरचं काम. तिथल्या लॅबमध्ये मी त्यांच्या हालचाली तपासते. पायांवर कॅमेऱ्याला दिसतील अशा चकचकीत गोळ्या चिकटवायच्या, उड्या मारायला लावायच्या आणि कोणता पाय किती भार घेतोय ते स्क्रीनवर बघायचं. एका सकाळी आमच्या डॉक्टरांनी दारातून डोकं आत घातलं.

"तुम्हाला फ्रेंच येतं ना?"

"थोडंफार."

"बरं, मग हा तुमचा."

त्यांच्या मागे कुबड्या घेऊन तो उभा होता. जेमतेम एकोणीस वर्षांचा, उंच, काटकुळा, डाव्या गुडघ्यावर जाड पट्टा. मी त्याला फ्रेंचमधून बसायला सांगितलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल पडला. गेल्या कित्येक दिवसांत त्याच्याशी त्याच्या भाषेत समोरासमोर कोणी बोललंच नसावं.

तो उत्तर फ्रान्समधल्या एका बंदराच्या गावचा. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, वडील तो लहान असतानाच घर सोडून गेलेले. तेराव्या वर्षी एका मोठ्या फुटबॉल क्लबच्या अकादमीने त्याला उचललं, तेव्हापासून तो घरी राहिलाच नव्हता. "आमच्या खोलीत चौघं होतो," त्याने मला सांगितलं होतं. "त्यातला एक आता ट्रक चालवतो, एक काय करतो माहीत नाही, एकाशी मी बोलत नाही. प्रोफेशनल एकटा मीच झालो." हे सांगताना त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती. तो वाचला होता आणि बाकीचे बुडाले होते, असं काहीसं ते ऐकू यायचं.

अठराव्या वर्षी इथल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या एका क्लबने त्याला घेतलं. पहिले काही महिने तो छान खेळला. उजव्या बाजूने धावत आत वळायचं आणि डाव्या पायाने मारायचं, ही त्याची खासियत. मग सरावात त्याच पायाचा गुडघा फिरला आणि आतला लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली आणि तो आमच्याकडे आला.

त्या पहिल्या खेपेला आम्हा कुणालाच काळजी नव्हती. अशी दुखापत होते, वर्षभरात माणूस परत खेळतो. तोही जिद्दीने मेहनत करायचा. मी सांगितलेल्या दहा उड्यांच्या जागी पंधरा मारायचा आणि मी रागावले की हसायचा. मला 'मॅडम' म्हणायचा. त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. त्याच्याबद्दल ऐकून त्या म्हणाल्या, "एवढं लेकरू परक्या देशात एकटं राहते? रविवारी जेवायला आण त्याला."

तो आला. हातात फुलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पाटवडीचा रस्सा केला होता. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ताट त्याने पुसून खाल्लं. आई त्याच्याशी सरळ मराठीत बोलत होत्या, तो फ्रेंचमध्ये उत्तर देत होता आणि दोघांनाही माझी गरज वाटत नव्हती. जाताना त्याने वाकून त्यांच्या दोन्ही गालांना गाल लावले, तेव्हा आई लाजल्या. "त्याच्या आईला कळव," त्या म्हणाल्या, "म्हणावं, पोरगं नीट जेवलं." मी तसा निरोप खरंच पाठवला. त्याच्या आईशी माझं बोलणं तिथून सुरू झालं.

पुढच्या मोसमात तो मैदानात परतला. त्याचा तिसरा की चौथा सामना असेल, मी आणि नवरा घरी टीव्हीवर बघत होतो. उत्तरार्धात त्याला आणलं. चेंडू त्याच्याकडे आला, तो आत वळला आणि पडला. त्याला कोणी हातही लावला नव्हता. जवळचा खेळाडू दोन्ही हात वर करून पंचाला सांगत होता, मी नाही, मी नाही. नवरा म्हणाला, "उठेल." वीस वर्षांचा तो मुलगा तोंड गवतात खुपसून पडला होता आणि एका हाताने जमिनीवर थापट्या मारत होता.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत कळलं की लिगामेंट तर तुटलाच आहे, शिवाय हाडावरची कूर्चाही खराब झाली आहे. ती गादीसारखी असते आणि एकदा झिजली की पूर्वीसारखी होत नाही. तो पुन्हा आमच्याकडे आला, पण हा मुलगा वेगळा होता. पहिल्या वेळी त्याला भेटायला येणारे संघातले दोघं-तिघं या वेळी आले नाहीत. क्लबमध्ये प्रशिक्षक बदलला होता. नव्या प्रशिक्षकाने त्याला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. "मी पार्किंगमध्ये त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं," तो एकदा म्हणाला. "त्यांना वाटलं मी फिजिओकडचा माणूस आहे."

तो दुखणं लपवू लागला. विचारलं की म्हणायचा, "नाही, छान आहे." पण खाली उतरताना त्याचं सगळं वजन उजव्या पायावर जायचं आणि ते स्क्रीनवर स्पष्ट दिसायचं. मी एकदा त्याला ते दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे मी करत नाही. पाय आपलं आपणच करतो." त्यानंतर तो लॅबमध्ये फारसं बोलेनासा झाला. सराव संपला की गुडघ्यावर बर्फ ठेवून भिंतीकडे बघत बसायचा. सूज उतरायची आणि दोन दिवसांत परत यायची.

असं वर्ष गेलं. एका दुपारी डॉक्टरांनी त्याला बोलावलं आणि मला दुभाषी म्हणून बसायला सांगितलं. त्याची आई फ्रान्सहून आली होती. मी तिला पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. ठेंगणी बाई, लाल पडलेले हात, चांगला कोट. आत जाण्याआधी त्याने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"तिला सगळं सांगू नका. थोडं कमी करून सांगा."

"तुला काय वाटतं, ते काय सांगणार आहेत?"

त्याने वळून आईसाठी दार उघडून धरलं.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी घाई केली नाही. गुडघ्याची चित्रं दाखवली, कुठे काय उरलंय ते समजावलं. चालता येईल, सायकल चालवता येईल, पोहता येईल. मी वाक्यामागून वाक्य फ्रेंचमध्ये उतरवत होते आणि त्याची आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, जणू हळूहळू काहीतरी बरं ऐकू येणार आहे. मग डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. खेळासाठी कायमचं निकामी झालेल्या माणसाला जर्मनमध्ये 'श्पोर्ट-इनव्हालिडे' म्हणतात. मी फ्रेंचमध्ये त्याहून मऊ शब्द शोधत होते. पण 'इनव्हालिडे' हा शब्द फ्रेंचमध्येही जवळपास तोच आहे. मी तोंड उघडायच्या आधीच दोघांनाही तो कळला होता.

आईने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे यंदा खेळणार नाही?"

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि हळू आवाजात उत्तर दिलं. ते आता मला तिला सांगायचं होतं. मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, "यंदा नाही. आणि पुढेही नाही."

ती रडली नाही. तिने मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्याने तो हात उचलून बाजूला केला. रागाने नाही, अगदी सावकाश. मग डॉक्टरांचे आभार मानत तो आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "डांके." त्या खोलीत तो बोललेला तेवढा एकच शब्द.

त्याची वोनुंग, म्हणजे राहती जागा, रिकामी करायला मी आणि नवरा गेलो. सामान काय, दोन बॅगा, एक मोठा टीव्ही आणि बुटांची खोकी. खोक्यांतले कित्येक बूट एकदाही वापरलेले नव्हते. त्याची आई म्हणाली, हे गावातल्या मुलांना देऊ. तो म्हणाला, "नको. इथेच टाक." कचऱ्याच्या डब्याशी तिने ती खोकी ठेवली आणि झाकण लावावं की न लावावं, अशी ती क्षणभर तिथे थांबली. स्टेशनवर मी त्याला जवळ घेतलं. तो लाकडासारखा उभा राहिला.

सुरुवातीला त्याचे मेसेज यायचे. मग त्याच्या आईचे यायला लागले. त्याने कुणाला न सांगता गावातल्या हौशी संघाबरोबर सराव केला होता आणि गुडघा इतका सुजला की दोन आठवडे जिना चढता आला नाही. त्याच्या जुन्या क्लबने तिकडचा एक कोर्स सुचवला होता, लहान मुलांना शिकवण्याचा. तो एकदा गेला. मैदानावरचा आवाज सहन होत नाही म्हणाला आणि परत गेला नाही. एका गोदामात काम मिळालं, तेही सुटलं. तो दिवसभर खोलीत असतो, पडदे लावून. मी तिला मानसोपचाराबद्दल सांगितलं, तिकडच्या एका ओळखीच्या बाईंचा नंबर मिळवून दिला. त्याने पहिल्या भेटीची वेळ घेतली आणि गेला नाही.

या वसंतात तिने मला सांगितलं, तुम्ही त्याच्याशी बोलून बघा. मी रविवारी दुपारी फोन केला. त्याने घेतला. आवाज जाड झाला होता. मी म्हणू नये तेच म्हणून गेले, की तू तेवीस वर्षांचा आहेस, अख्खं आयुष्य पुढे आहे.

"सगळे हेच सांगतात, मॅडम," तो म्हणाला. "तेवढं सगळं काढायचंय, हीच तर भीती आहे."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. मग फोन त्याच्या आईकडे गेला. ती कुजबुजली, "आज बोलला तरी. पुढच्या रविवारी कराल?"

मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी बराच वेळ रिंग वाजली. शेवटी त्याच्या आईने उचलला. ती म्हणाली, तो खोलीचं दार उघडत नाहीये, आतून नुसतं 'नको' म्हणतोय.