उजव्या हातावरच्या रेघा

ही गोष्ट सांगायची मी चौदा वर्षं टाळली. कुणी कामाबद्दल विचारलं की मी दुसरे किस्से सांगायचो. लाल बॅच गुलाबी कशी झाली, ड्रमचं झाकण छतापर्यंत कसं उडालं. लोक हसायचे आणि विषय संपायचा. आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. ते किस्से सांगायचाही कंटाळा आला आहे. म्हणून जे टाळलं ते लिहून टाकतो.

त्या सकाळी फॅक्टरीच्या गेटपाशी चार खोकी परत आलेली होती. डीलरने पाठवलेली. एका खोक्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘लकीरें आती हैं’. म्हणजे रेघा येतात. आत आमच्याच मरून नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या. काही उघडलेल्या, बऱ्याचशा सीलबंद. लग्नसराई तोंडावर आली होती आणि आमचा वर्षाचा निम्मा धंदा त्या दोन महिन्यांत व्हायचा.

मी केमिस्ट. मूळचा सांगलीकडचा. आधी भिंतींच्या रंगाच्या कंपनीत होतो, तिथून बदली होऊन जयपूरला आलो. पुढे सांगानेरच्या बाजूला ही छोटी कॉस्मेटिक्सची फॅक्टरी निघाली, तिथे लागलो. नेलपॉलिश हाही रंगच असतो. एक पदार्थ नखावर पातळ कडक पापुद्रा धरतो. दुसरा रंग देतो. आणि हे सगळं पातळ ठेवणारं सॉल्व्हंट असतं, ते हवेत उडून जातं. ते उडून गेलं की आपण म्हणतो, सुकलं.

यात एक मेख आहे. ब्रश फिरला की रंगावर केसांचे ओरखडे पडतातच. पण रंग काही सेकंद ओला राहिला तर तो आपला आपण पसरतो आणि ओरखडे भरून येतात. फार लवकर सुकला तर ओरखडे तसेच राहतात. त्यासाठी आम्ही दोन सॉल्व्हंट मिसळायचो, एक भरकन उडणारं आणि एक रेंगाळणारं. त्यांचं प्रमाण ठरवणं हे माझं काम.

आमचे मालक महेशजी यांना त्या वर्षी एका मिनिटात सुकणारं नेलपॉलिश हवं होतं. बाटलीवर तसं छापूनही झालं होतं. मी भरकन उडणारं सॉल्व्हंट वाढवलं. लॅबमध्ये एसी होता. काचेच्या पट्टीवर रंगाचा थर ओढला, आरशासारखा लागला. मी खूश झालो.

काचेनंतरची टेस्ट नखांवर व्हायची. ती संतोष करायची. संतोष हे तिकडे बायकांचंही नाव असतं. तेव्हा ती चाळिशीची असेल. पॅकिंगला लागली होती, पण तिचा हात इतका स्थिर होता की मीच तिला लॅबमध्ये घेतली. पॅकिंगच्या मुलींना समोर बसवून ती त्यांच्या नखांना रंग लावायची आणि रजिस्टरमध्ये ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहायची. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून घरी बसून होता. दोन मुली शाळेत. घर तिच्या या हातावर आणि नजरेवर चाललं होतं.

त्या मरून बॅचला तिने ‘पास’ लिहिलं. आणि खाली आपल्या मनाने एक ओळ लिहिली, ‘खुद लगाओ तो दाएँ हाथ पर लकीरें’.

मी तिला बोलावलं. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, इथे मराठीत लिहितो.

“हे काय आहे?”

“सर, मी स्वतःच्या नखांना लावून पाहिलं. डाव्या हाताला छान बसतं. उजव्याला रेघा येतात.”

“स्वतःला कशाला लावलंस? मेथडमध्ये आहे का ते?”

“घरी बायका स्वतःच लावतात ना सर. त्यांना लावून द्यायला मी थोडीच जाते तिथे?”

शेजारची मुलगी फिसकन हसली. मला ते लागलं. खरं सांगायचं तर त्या हसण्यामुळेच पुढचं झालं असावं.

“फॉर्ममध्ये शेऱ्याचा कॉलम नाहीये,” मी म्हणालो. “हे पान काढ. नवं लिही. ‘पास’ लिही आणि सही कर.”

“मतलब... रेघा येतात ते नको लिहू?”

“साफ लिही म्हणतोय.”

तिने साफ लिहिलं. जुनं पान मी फाडून माझ्या खणात टाकलं. खाली माझी सही झाली आणि बॅच गेली.

दीड महिन्यात खोकी परत आली.

महेशजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर उघड्या बाटल्या होत्या. त्यांच्या सुनेने आपली नखं रंगवून दाखवली होती म्हणे.

“दातारजी, हे एका मिनिटात सुकणारं आहे की एका मिनिटात धंदा बुडवणारं?”

“लावण्याची पद्धत चुकत असेल,” मी म्हणालो. हे उत्तर आमच्या धंद्यात पहिलं येतं.

“अख्ख्या राजस्थानातल्या बायकांची पद्धत चुकते? पास कुणी केलं हे?”

“टेस्टिंग संतोष करते.”

यात खोटं काही नव्हतं. मी तेवढंच बोललो आणि थांबलो. त्यांनी रजिस्टर मागवलं. पानावर तिचं अक्षर, तिची सही, ‘पास’.

“या बाईला दिसत नाही का?”

“चष्म्याचा नंबर वाढला असेल,” मी म्हणालो.

हे वाक्य कुणी माझ्याकडून काढून घेतलं नव्हतं. ते माझ्या तोंडून सहज आलं. महेशजी म्हणाले, लिहून द्या. मी दोन ओळी लिहून दिल्या, ‘टेस्टरच्या निरीक्षणात त्रुटी. नजर तपासून घेणे आवश्यक.’ खाली सही. माझ्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. प्रताप नगरच्या घराचं बांधकाम अर्धवट होतं. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढल्याचं गेटवरच सांगितलं गेलं. ती आपला डबा घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही.

“सर, मी तर लिहिलं होतं ना? ते पान... तुम्ही साहेबांना सांगितलंत ना?”

“सांगितलं,” मी म्हणालो. “खूप सांगितलं. ऐकायलाच तयार नाहीत.”

“तुम्ही कशाला उगाच बोलणी खाल्लीत सर,” ती म्हणाली. आणि गेली.

पुढच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. दुपारी माझी बायको वसुधा पंख्याखाली बसून नखं रंगवत होती. बाटली आमचीच, मरून.

“अहो, हे काय बनवलंय? एका हातावर शेतच नांगरल्यासारखं झालंय.”

“पद्धत चुकते तुझी.”

“मग बरोबर पद्धत दाखवा. एवढे केमिस्ट आहात ना?”

मला माहीत असलेली पद्धत संतोषची होती. तीच मी सांगितली. नख आधी रिमूव्हरने पुसून कोरडं करायचं, तेलकट हातावर रंग बसत नाही. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवायचं. ब्रश बाटलीच्या काठाला एका बाजूने निपटायचा. कातडीपासून केसभर जागा सोडून मधोमध एक पट्टा ओढायचा, मग दोन्ही बाजूंना एकेक. तिसऱ्यानंतर हात लावायचा नाही. नखाच्या पुढच्या कडेवरून ब्रशचं टोक फिरवायचं, म्हणजे तिथून टवके उडत नाहीत. पहिला थर पातळच, खालचं नख दिसलं तरी चालेल. दोन-तीन मिनिटांनी दुसरा. कातडीवर गेलेला रंग टूथपिकला कापूस गुंडाळून, रिमूव्हरमध्ये बुडवून लगेच काढायचा. आणि डाव्या हाताने लावताना ब्रश एका जागी धरून बोट हळूच फिरवायचं. डावा हात फिरवायला गेलं की तो थरथरतो.

वसुधाने सगळं पुसून पुन्हा लावलं. डावा हात सुरेख आला. उजवा हात आधीपेक्षा नेटका आला, कडा साफ, कातडीवर थेंब नाही. पण रेघा होत्याच.

“आता कोणाची चूक?” ती म्हणाली.

मी पंखा बंद केला आणि घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसलो. उजव्या हाताने एका नखाचे तीन पट्टे ती पाच-सहा सेकंदांत ओढत होती. डाव्या हाताने तिला पंधरा लागत होते. तिसरा पट्टा ओढेपर्यंत पहिला चिकट झालेला असायचा, ब्रश त्याला ओढत न्यायचा. पंखा बंद करून थोडा फरक पडला, एवढंच. माझं सॉल्व्हंट एसीतल्या काचेसाठी ठीक होतं. जयपूरच्या कोरड्या हवेत, पंख्याखाली, स्वतःच्या डाव्या हाताने नखं रंगवणाऱ्या बाईसाठी ते चुकीचं होतं. संतोषने हेच एका ओळीत लिहिलं होतं.

वसुधा म्हणाली, “तुमच्याकडे ती टेस्ट करणारी बाई आहे ना, तिच्या लक्षात नाही आलं?”

“नाही,” मी म्हणालो.

सोमवारी मी रेंगाळणारं सॉल्व्हंट वाढवलं. पॅकिंगमधल्या मुलींना सांगितलं, पंख्याखाली बसा आणि आपली नखं आपणच रंगवा, दोन्ही हातांची. उजव्यावरही रंग आरशासारखा आला. बाटलीवरचं एक मिनिट जाऊन तिथे तीन मिनिटं आली. महेशजींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. खोक्यात घालायला एक पत्रक काढायचं ठरलं, घरच्या घरी नेटकी नखं कशी रंगवावीत. ते मी लिहिलं, बोट फिरवण्याच्या युक्तीसकट. खाली छापलं गेलं, ‘आमच्या मुख्य केमिस्टचा सल्ला’.

त्या दिवशी केबिनमध्ये जाऊन खणातलं पान टेबलावर ठेवणं शक्य होतं. मी दारापर्यंत गेलोही. पण पान दाखवायचं म्हणजे ते फाडलं कुणी हेही सांगायला हवं. मी परत आलो आणि पुढच्या आठवड्यात ते पान जाळलं. तीन वर्षांनी हार घालून, शाल देऊन मला निरोप दिला. भाषणात मरून बॅचचा उल्लेख झाला, दातारजींनी कंपनी वाचवली म्हणून. मी हात जोडून उभा राहिलो.

संतोषला पुढे कुठल्याच फॅक्टरीने टेस्टर म्हणून घेतलं नाही. नजर खराब म्हणून काढलेली बाई, असं आमच्या भागात पसरलं होतं. पॅकिंगच्या सुपरवायझरकडून मला तिच्या बातम्या कळायच्या. आधी ती कुणाच्या घरी पोळ्या करत होती. मग काही वर्षं एका पार्लरमध्ये झाडू-पोछा, मग तिथेच नखांचं काम. गेल्या वर्षी कळलं की तिने घरातल्याच एका खोलीत स्वतःचं पार्लर काढलंय.

गेल्या हिवाळ्यात मी गेलो. वसुधाला बँकेत जातो म्हणून सांगितलं. बसमध्ये मी वाक्य घोळवत होतो. लहानच होतं ते. ‘संतोष, मी साहेबांना काहीच सांगितलं नव्हतं, उलट तुझ्याविरुद्ध लिहून दिलं होतं.’ उतरेपर्यंत पाठ झालं.

ती एका मुलीची नखं रंगवत होती. केस पांढरे झाले होते. चष्मा नव्हता.

“अरे, सर!” ब्रश बाटलीत ठेवून ती उठली. खुर्ची पुसली. आतल्या मुलीला चहा टाकायला सांगितला. “भाभीजी कशा आहेत? गुडघे दुखायचे ना त्यांचे?”

“बरी आहे. दुखतात.”

मग ती समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “हे आमचे सर. मला काढलं ना तेव्हा माझ्यासाठी मालकाशी भांडले होते. अख्ख्या फॅक्टरीत एकटे.”

त्या मुलीने मला नमस्कार केला. तिची बोटं पसरलेली होती, नखं ओली.

“संतोष,” मी म्हणालो, “ते रजिस्टरचं पान...”

“छोड़िए ना सर. जाऊ द्या ते. तुम्ही तरी बोललात. तेवढ्यावरच मी निभावलं. वाटायचं, एका माणसाला तरी माहीत आहे की माझे डोळे ठीक आहेत.”

चहा आला. मी तो प्यायलो. छान झालाय म्हणालो. तिने मला वसुधासाठी एक बाटली दिली, दुसऱ्या कंपनीची. कोपऱ्यापर्यंत सोडायला आली आणि बस येईपर्यंत थांबली. चांगली दहा मिनिटं. त्या वेळात आम्ही थंडीबद्दल बोललो.

नवीन केमिस्टांना मी एवढंच सांगेन. टेस्टच्या फॉर्मवर शेऱ्यासाठी जागा ठेवा. शेरा कुणी खोडला तर खोडणाऱ्याचं नाव तिथे लिहायला लावा. आणि टेस्ट तिथे करा, जिथे माल वापरला जाणार आहे.

राहता राहिलं ते वाक्य. त्यानंतर दोनदा त्या बसमध्ये बसलो आणि मधेच उतरून परत आलो. मग ठरवलं, लिहावं. हिंदी मला चांगलं लिहिता येतं, जयपूरला आल्यापासून ऑफिसात तेच लिहिलं. तरी हे मी मराठीत लिहिलं आहे. संतोषला अक्षरं ओळखू येतील, मजकूर कळणार नाही. लिहायला बसलो तेव्हाच हे मला माहीत होतं.