तुकतुकीत कोंबड्या आणि राणीखेतचा रिपोर्ट

"राणीखेत लिहा आणि सही करा," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे माझे वरिष्ठ. मेलेली कोंबडी त्यांनी पाहिलीही नव्हती. अनुभव दांडगा असला की पाहावं लागत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगर जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर होतो. सोनईच्या गयाबाईंच्या कोंबड्या ऐन अंड्यावर आल्या आणि रोज एकदोन मरू लागल्या. राणीखेत ही कोंबड्यांची साथ. ती आली की चार दिवसांत खुराडं रिकामं. इथं महिनाभर चाललं होतं. पण राणीखेत लिहिलं की दोष लस टोचून न घेणाऱ्या बाईंचा, आणि पिल्लं विकणारी हॅचरी मोकळी. हॅचरीचे मालक साहेबांचे स्नेही होते, हा निव्वळ योगायोग.

"लस टोचल्याली हाय," गयाबाई म्हणाल्या. "तुमीच टोचली हुती, डाक्टर. इसरले का?"

विसरलो नव्हतो. मी कोंबडी फाडली. यकृत भलतंच वाढलेलं, त्यावर पांढरट गाठी. हा ल्युकोसिस, कोंबड्यांचा कॅन्सर. तो करणाऱ्या विषाणूच्या जातीला पुढे रेट्रोव्हायरस म्हणू लागले. आईच्या अंड्यातून तो पिल्लात येतो. म्हणजे मूळ हॅचरीत.

मी सही केली नाही.

"मग हॅचरीच्या मालकांना तुम्हीच शिकवा," साहेब म्हणाले.

भिंगारजवळच्या त्या हॅचरीत मालकांनी चहा दिला, कोंबड्या दाखवल्या. तुकतुकीत, लालभडक तुरे.

"यातली आजारी कोणती, डॉक्टर?"

"दिसणार नाही. हा विषाणू पेशी फोडत नाही. पेशीच्या पडद्याला आतून चिकटून तयार होतो आणि बाहेर पडताना तोच पडदा अंगावर ओढून घेतो. त्यावर त्याची स्वतःची प्रथिनं आधीच रोवलेली असतात."

"म्हणजे कोट आमचा, बटणं त्याची?"

"हो. बटणं नसली तरी तो बाहेर पडतो, पण पुढच्या पेशीत शिरता येत नाही. बटणं असली की शिरतो. कोंबडी मात्र मजेत अंडी देत राहते."

"आणि हे सगळं तुम्हाला डोळ्यांनी दिसतं?"

"नाही. यकृत दिसतं. तीन जुन्या कोंबड्या द्या."

पहिलीचं यकृत स्वच्छ निघालं. मालक गालात हसले. माझी नोकरी नवी होती. दुसरीच्या यकृतात गाठी. तिसरीत तर बोट ठेवायला जागा नव्हती. मालकांनी कप खाली ठेवला.

महिन्याच्या आत त्यांनी सगळ्या जुन्या कोंबड्या खाणाऱ्यांना विकल्या. माणसाला त्या रोगाचा धोका नसतो. नव्या कोंबड्या आणल्या, गयाबाईंना पिल्लं बदलून दिली आणि दारावर 'रोगमुक्त पिल्ले' अशी पाटी रंगवली. साहेबांनी वर कळवलं, की आपल्या दक्षतेमुळे निदान वेळीच झालं.

माझी जिल्ह्याबाहेर, दूर अकोल्याला बदली झाली. लोकहितार्थ.

खात्यात निदान चुकलं तर खुलासा मागतात. बरोबर आलं तर गाव बदलतात.