बेंझोएटवाल्या काकू

पंखा बंद करायला लावणारी बाई म्हणून बेंझोएटवाल्या काकू अख्ख्या शेडला नकोशा होत्या. वाळूजला ऐन मे महिन्यात, तापल्या पत्र्याखाली आम्ही घामानं निथळत असायचो आणि त्यांचा आवाज यायचा, "पंखा बंद करा रं! काटा हलतोय." मग त्या बेंझोएटची पांढरी पूड तोलायच्या. आमचं लिंबू सरबत त्या पुडीमुळंच महिनोन् महिने टिकायचं, बुरशी धरायचं नाही. मापात चिमटीचाही फरक काकूंना खपत नसे.

शिक्षण सातवी, गाव गंगापूर, येणंजाणं एसटीनं. एकदा एका नव्या बाईनं अंदाजानं पूड टाकली, तर काकूंनी सगळं पिंप मोरीत ओतायला लावलं. मालक लालबुंद! काकू म्हणाल्या, "वरडा किती बी. असलं सरबत मी बाटलीत जाऊ देणार नाय." मी लेबलं चिकटवण्याच्या टेबलावर होतो, मला हसू आवरेना.

शेजारी शाम्पूची शेड होती. तिथंही हीच पूड जाते हे कळल्यावर बायका घाबरल्या. डोक्याला लावायचं ते पोटात कसं? काकू उसळल्या. "मीठ चामड्याला बी लावतेत. म्हणून भाजीत घालायचं सोडलं का?" आणि पेलाभर सरबत सगळ्यांदेखत गटागटा प्यायल्या.

मग एके दिवशी मालकांनी नवी लेबलं आणली. 'प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही.' शहरात म्हणे असंच खपतं.

"म्हंजी आता पूड घालायची नाय?" काकूंनी विचारलं.

"घालायची. फक्त लिहायचं नाही."

"मालक, इतकी वर्षं मी काय इख घालत होते व्हय? मापात घालते, समद्यांसमोर घालते. मग लपवायचं कशापायी?"

"पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल काकूंच्याच पगारावर पेटायची. हे मालकांनाही ठाऊक होतं.

"उद्या कशाला?" काकू म्हणाल्या आणि पुडीच्या कपाटाची किल्ली त्यांच्यापुढं ठेवली.

लोक त्यांना हेकट म्हणाले. होत्याच हेकट! आम्ही बाकीचे शहाणे होतो, म्हणून तर ती लेबलं लागली.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता मलाही ऊठ म्हणतील. "तुमची लेकरं लहान हायेत, भाऊ," एवढंच म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दाराबाहेर पडल्या आणि मी पहिलं लेबल चिकटवलं.