भिंतीपल्याडचा कंडक्टर

भांडायला काहीतरी कारण लागतं, असं मी म्हातारा होईस्तोवर समजत होतो. अकोल्यात आमच्या भिंतीपल्याड राहणाऱ्या रिटायर कंडक्टरनं तो समज मोडला. अख्ख्या वऱ्हाडात त्याच्याइतका नेमानं छळणारा शेजारी दुसरा सापडायचा नाही. सापडलाच तर त्याला याच्याच हाताखाली शिकावं लागेल.

जन्म अकोला-अमरावती गाडीवर काढलेला. नोकरी सुटली, गळ्यातली शिटी सुटली नाही. गाडीच्या हिशेबानं एक शिटी म्हणजे थांबा अन् दोन म्हणजे चालू द्या. आमच्या नशिबी कायम एकच. आमचा कूलर घरघरला की शिटी. पाहुण्याची मोटारसायकल त्याच्या फाटकासमोर टेकली की शिटी, अन् वरून, "चला, सरका पुढं, पुढं सगळं खाली हाय!" माझे साडू एकदा भर उन्हात आले, ते बिचारे सरकत सरकत चौकातल्या पानठेल्यापाशी पोचले. नगरसेवकाला सांगून पाहिलं. तो याला समजवायला गेला अन् याचीच नालीची तक्रार ऐकून मान डोलावत परत गेला.

पण खरं वैर आमच्या गोडनिंबाशी. पुण्याकडचे लोक कढीपत्ता म्हणतात, तोच. आमच्या हिनं भिंतीलगत लावलेला. त्याची पानं पल्याड पडायची. कंडक्टर रोज सकाळी ती झाडून सुपात भरायचा अन् भिंतीवरून आमच्या अंगणात ओतायचा. "ओ भाऊ, तुमचे पॅसेंजर आमच्या गाडीत काहून? तोडा थे झाड, नाई तं मीच तोडतो!"

"हात तं लावून पाह्य!" मी ओरडायचो.

ही मात्र भांडण रंगात आलं की भिंतीवर भरली वाटी आणून ठेवायची. कधी मुगाचे वडे, कधी अंबाडीची भाजी. "भाऊजी, खाऊन घ्या, मंग भांडा. उपाशीपोटी आवाज निंघत नाई."

आपल्याकडं शेजारची वाटी कोणी रिकामी परत करत नाही. तिथं त्याची पंचाईत व्हायची. बायको कधीच गेलेली, अन् हा चुलीपाशी अडाणी. मग वाटीत कधी साखर, कधी चार मिरच्या, अन् राग जास्त असला की आमच्याच झाडाची पानं! ही ती पानं फोडणीत टाकायची अन् कढी परत भिंतीवर.

"अवं, तो तुले चिडवून राहिला," मी म्हणायचो.

"चिडवू द्या. वाटी तं येऊन राहिली ना?"

या उन्हाळ्यात ही गेली. वाटी तेव्हा त्याच्याकडंच होती. तेरवी झाली तरी शिटी नाही. कूलर दिवसभर घरघरला, तरी नाही. अंगणात गेलं की झाड दिसायचं, अन् मला ते पाहवेना. शेवटी तोडणारा माणूस बोलावला. त्यानं कुऱ्हाड उचलली तोच पल्याडून अशी शिटी झाली की कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटली.

कंडक्टर बनियनवरच भिंतीवर चढला होता. "डोकं फिरलं काय, भाऊ? वहिनीच्या हातचं झाड हाय थे!"

"तूच म्हनत होता ना तोडा म्हनून?"

"मी तं रोज म्हनीन! तुमी काहून ऐकून राहिले? आजलोक कधी ऐकलं काय?"

मग खाली उतरला अन् भिंतीवर वाटी ठेवली. घासून लख्ख, आत गोडनिंबाची पानं. दुसरीकडं पाहत म्हणाला, "काय भरावं थेच सुचत नोतं. म्हनून राह्यली."

आता वाटी माझ्याकडं आली, अन् मला पिठल्याशिवाय काही येत नाही. तेच केलं, तीच पानं टाकून, अन् भिंतीवर ठेवलं.

"गुठळ्या हायेत!" पल्याडून आवाज आला. "अन् मीठ कुठं गेलं?"

"गिळ गुमान!" मी म्हटलं.

मग एक शिटी वाजली. अन् तिच्या मागून दुसरी.

वाटी अजून आलेली नाही. येईल.