बाटली उघडल्याची तारीख

आमच्या घरात मिठाची बरणी सोडली तर प्रत्येक डब्यावर आणि बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आहे, आणि त्यावर माझ्या अक्षरात तारीख. कारखान्याने छापलेली तारीख वेगळी, ही उघडल्याची. खोबरेल तेल, लोणचं, खोकल्याचं औषध, डोळ्यांत घालायचे थेंब, काही सुटलेलं नाही. बायको म्हणते, "तुमच्या घरात राह्यनं म्हणजे दवाखान्यात भरती असल्यासारखं हाये." पाहुणे हसतात, मीही हसतो. बैल गेला अन् झोपा केला ही म्हण ज्याच्यावरून निघाली असेल तो माणूस मीच, पण हे पाहुण्यांना कुठे सांगत बसू?

मी लॅब टेक्निशियन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका छोट्या खाजगी लॅबमध्ये लोकांची बोटं टोचण्यात उमेदीची वर्षं गेली. साखर, हिमोग्लोबिन, मलेरिया, आणि आमच्याकडे हमखास लागणारी सिकलसेलची तपासणी. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, धडधाकट जगतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. दोन्हीकडून आला तर मात्र मूल जन्मभर दुखण्यात. नवरा-बायको दोघेही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक ही भीती असते. म्हणून आमच्याकडची जाणती माणसं लग्न ठरवण्याआधी मुलामुलीचं रक्त तपासतात. पत्रिकेपेक्षा हे बघा, असं मी किती घरांत, किती बैठकांत सांगत फिरलो. त्या काळी मला स्वतःचा फार अभिमान होता.

तपासणी अगदी साधी. खोक्यात दोन वस्तू येतात, एक द्रावण आणि एक पांढरी पूड. पूड द्रावणात मिसळायची, त्यातलं थोडं परीक्षानळीत घ्यायचं, रक्ताचा थेंब टाकायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन अक्षरं झाकली गेली तर पॉझिटिव्ह, आणि तो नमुना पक्क्या तपासणीसाठी बाहेर पाठवायचा. निगेटिव्ह आलेला कोणी पुढे पाठवत नाही.

खोक्यावरची तारीख बंद बाटलीची असते. पूड मिसळली की त्या तारखेला अर्थ उरत नाही, मिसळलेलं द्रावण, आम्ही त्याला पाणी म्हणतो, महिनाभरच कामाचं, तेही थंडाव्यात. मेलेल्या पाण्यात वाहकाचं रक्त टाकलं तरी अक्षरं स्वच्छ दिसतात. म्हणून दोन नियम. बाटलीवर मिसळल्याची तारीख लिहायची, आणि रोज पहिल्यांदा अशा माणसाचं रक्त तपासायचं जो वाहक आहे हे आधीच ठाऊक आहे. त्याची नळी गढूळ झाली तर पाणी जिवंत.

आमच्याकडे ते काम झाडलोट करणाऱ्या मावशींचं होतं. त्या वाहक होत्या. सकाळी फरशी पुसून झाली की हात पदराला पुसायच्या आणि बोट पुढे करायच्या. "घ्या भाऊ, पाहा जित्तं हाये का मेलं." त्यांची नळी गढूळ झाली की आमचा दिवस सुरू व्हायचा. त्या बोटावर किती लग्नं ठरली आणि किती मोडली, त्यांना कधी कळलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला उमरखेडचं स्थळ आलं ते उन्हाळ्याच्या तोंडाला. मुलगा शाळेत शिक्षक, सरळ माणूस. पहिल्याच भेटीत त्याने वाहक असल्याचं कार्ड खिशातून काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "कॉलेजात तपासलं होतं. यांचं तपासून घ्या, मंगच बोलू." मला तो तिथेच आवडला. बहिणीलाही आवडला होता, हे तिच्या चहा देण्यावरून कळत होतं. सगळं तिच्या रक्तावर येऊन थांबलं, आणि रक्त तपासणारा घरचाच.

मावशी त्या आठवड्यातच राजूरला गेल्या होत्या. मुलगा तिथे कोळशाच्या खाणीत, सून बाळंत होणार होती. वीज दुपारभर जायची, फ्रिज कपाटासारखाच उभा असायचा. पूड मिसळलेली बाटली आत होती, पण तिच्यावर तारीख नव्हती. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर पेन उमटत नाही, चिकटपट्टी लावावी लागते, आणि मिसळायच्या दिवशी चिकटपट्टी संपली होती. उद्या लावू म्हणून राहिलं. आळसाला आम्ही उद्या म्हणतो.

मी खोक्याकडे पाहिलं. छापलेल्या तारखेला अजून आठ महिने होते. ताज्या पाण्याला आगकाडी विझवल्यावर येतो तसा वास असतो, त्या दिवशी तो जवळजवळ नव्हता. नळीतलं रक्तही जरा जास्तच लाल राहिलं, एरवी ते काळपट पडतं. हे सगळं मला आज आठवतं, म्हणजे त्या दिवशी दिसलं होतं. बहीण समोर स्टुलावर बसली होती, टोचलेलं बोट कापसाने दाबून. मी नळीमागे पेपर धरला. अक्षरं स्वच्छ दिसली. तिलाही जवळ बोलावून दाखवलं. तिने वाकून बातमीची ओळ मोठ्याने वाचली आणि हसली.

दुसऱ्या रविवारी साखरपुडा झाला. विहारातल्या लग्नाची तारीख ठरली, पत्रिका छापल्या, आईने आर्णीपर्यंतच्या नातेवाइकांना स्वतः जाऊन दिल्या.

मावशी परतल्या तेव्हा लग्नाला नऊ दिवस उरले होते. त्यांनी नातवाचे पेढे दिले आणि सवयीने बोट पुढे केलं. पाच मिनिटांनी मी नळीमागे पेपर धरला आणि मावशींच्या रक्तातून मला सगळी अक्षरं वाचता आली. मावशी म्हणाल्या, "मी राजूरले जाऊन बरी झाली का काय?" मी हसलो नाही. नवीन खोकं फोडलं, नवीन पूड मिसळली, पुन्हा त्यांचं बोट टोचलं. नळी ताकासारखी गढूळ झाली.

मधल्या दिवसांत मावशींशिवाय जेवढे तपासले होते त्यांची यादी काढली. बारा जण. अकरा जणांना मी निरोप धाडून परत बोलावलं, दोघांकडे तर मोटरसायकलवर जाऊन रक्त आणलं. त्या अकरांतले दोन वाहक निघाले. बारावं नाव माझ्या बहिणीचं होतं. ती घरातच होती. त्याच स्वयंपाकघरात, मी रोज जेवायचो तिथे. बोट टोचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी टोचलं नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. आई सगळ्यांना सांगत सुटली होती की पोराने स्वतः तपासलं. आणि मी स्वतःला म्हटलं, आपल्या घरात कोणाला आहे? कोणी कधी दुखण्याने पडलं? वाहक दुखण्याने पडत नाही, हे वर्षानुवर्षं दुसऱ्यांना समजावणारा मी, स्वतःला हे म्हणालो आणि ते मला पटलंही. मावशींनी एकदाच विचारलं, "बहिनीचं पुन्हा पाह्यलं ना भाऊ?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बादली उचलून गेल्या.

भाची दीड वर्षाची असताना तिच्या हाताचे पंजे सुजले. यवतमाळला पक्की तपासणी झाली, तेव्हा सिकलसेल निघाला, दोन्हीकडून आलेला. आईबापांचं रक्तही पुन्हा तपासलं. बहीण वाहक निघाली. त्याच संध्याकाळी मी माझं बोट टोचलं आणि माझीही नळी गढूळ झाली. आपल्या घरात कोणाला आहे याचं उत्तर मला असं मिळालं.

ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, पोर मांडीवर. तिने विचारलं, "दादा, तेव्हा तर साफ दिसलं होतं ना. मी सोता वाचलं होतं."

मी म्हटलं, "खोकंच बाद आलं असन. कंपनीकडून असं होते कधी कधी."

ती म्हणाली, "त्यात तुही काय चूक मंग." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. तेवढं रडणं मी अंगावर घेतलं आणि खोक्याची गोष्ट तशीच राहू दिली. माझ्याइतका हलका माणूस मी पाहिलेला नाही, आणि लॅबमध्ये मी सगळ्या प्रकारची माणसं पाहिली आहेत.

भाची आता नऊ वर्षांची आहे. थंडीची लाट आली की तिची हाडं दुखतात, उन्हात पाणी कमी पडलं तरी दुखतात. दुखायला लागलं की ती ओरडत नाही, उशीची कड चावते. तिच्या रोजच्या कॅप्सूल उमरखेडात नेहमी मिळत नाहीत, मी यवतमाळहून आणतो. दुकानदार जवळच्या तारखेचा माल पुढे सरकवतात, मी काउंटरवर उभा राहून प्रत्येक पाकीट उलटून पाहतो. माझ्याइतका चोखंदळ गिऱ्हाईक नाही, असं तिथला माणूस म्हणतो. दिवसामागून दिवस असे तारखा वाचण्यात चालले आहेत. यातून काही दुरुस्त होत नाही. गोळी वेळेत आली म्हणजे दुखणं थोडं कमी, एवढंच.

मावशी गेल्या वर्षी वारल्या. ते पाणी मेलेलं होतं हे लग्नाआधीच कळलं होतं, हे मी सोडून जाणणारं दुसरं कोणी उरलं नाही. मला सुटका वाटायला हवी होती, पण उलटच झालं, सगळं एकट्याच्या छातीवर येऊन बसलं.

यंदाच्या जानेवारीत बहीण कॅप्सूल न्यायला आली. दुपारची बस पकडून परत जायचं होतं. भाचीला त्याच आठवड्यात सलाइन लागलं होतं. आम्ही पडवीत बसलो होतो, बायको शेजारी गेली होती. बहीण पाकिटं पिशवीत भरत होती आणि मी सांगायला लागलो. मावशींचं बोट, नवीन खोकं, अकरा माणसं आणि बारावं नाव. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं निघालं नसतं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "लग्नाच्या आधी माहीत पडलं होतं तुले?"

"हो. नऊ दिवस आधी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"पत्रिका वाटून झाल्या होत्या."

"पत्रिका," ती म्हणाली. ती अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे पाहत होती. मी वाट पाहिली. तिने शिव्या द्याव्या, पिशवी फेकावी, आयुष्यात पुन्हा तोंड पाहणार नाही म्हणावं. त्या सगळ्याची मी इतकी वर्षं तयारी केली होती. ते झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे मला तिच्या तोंडाकडे पाहताना कळलं.

"मी त्यांले नाई म्हटलं असतं काय, तेही मले आता सांगता येत नाई," ती म्हणाली. "मले तर विचार करायलाच नाई भेटलं." मग तिने डोळे पुसले आणि आवाज नेहमीसारखा केला. "आमच्या घरी कोणाले सांगू नको. ते मले तुह्या घरी येऊ देणार नाईत. मंग पोरीच्या गोळ्या कोण आणन?"

मी शेवटचं पाकीट उचलून तिच्या पिशवीत ठेवलं.

"तुह्याशी भांडायची सोय नाई मले, दादा. गोळ्या आणाले दुसरं कोणी असतं तं भांडली असती."

तिने पिशवीतून शेवटचं पाकीट पुन्हा बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे तेवढं पाह्य. तारीख बारीक हाये, मले वाचता येत नाई."

मी चष्मा लावला, पाकीट उजेडात तिरपं केलं आणि मागची ओळ वाचली. म्हटलं, चालते, पुढच्या मार्चपर्यंत आहे. तिने मान हलवली, पाकीट ठेवलं आणि बसची वेळ झाली म्हणून उठली.