घरातला चौथा श्वास

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल! माझी जी काही शोभा झाली ना, ती सांगायची लाज वाटते आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

लखनौला बदली झाली आणि आम्ही वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत भाड्याने घर घेतलं. मी, बायको नंदा आणि लेक आर्या. आता सांगलीहून आईला आणायचं होतं. तिची नजर जवळजवळ गेलीय, तिथल्या घरात ती आवाजांच्या अंदाजाने वावरते. "नवख्या घरात भिंती चाचपडत फिरू का मी? नको रे बाबा!" हेच तिचं पालुपद. तिकीट काढून ठेवलं होतं, पण बाई हो म्हणेना. ती तिथे एकटी, मी इथे. घास गोड लागेल का हो?

अशात मला बायनॉरल रेकॉर्डिंग सापडलं. दोन्ही कानांत इवलेसे माईक घालून फिरायचं. नंतर हेडफोनवर ऐकणाऱ्याला वाटतं, आपणच तिथे उभे आहोत! मी एक नमुना ऐकला, त्यात कुणीतरी कानाशी कात्री चालवत होतं. मी बसल्या जागी मान आखडली! म्हटलं, जमलं. आईला घर कानांनी दाखवू.

रविवारी दुपारी सगळे पंखे बंद केले, दोघींना गप्प बसवलं आणि घरभर फिरलो. नळ, फ्रिजची घरघर, बाल्कनीखालचं "आलू ले लो, टमाटर ले लो". मग हेडफोन लावून ऐकायला बसलो.

नळ आला. फ्रिज आला. आणि माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास घेतला.

लांब. बारीक शिट्टी वाजवत. मी गर्रकन वळलो. मागे नुसती भिंत!

नंदाने ऐकलं आणि ती पांढरीफटक पडली. "अहो, पंखे बंद होते ना? मग ही शिट्टी कसली?"

आर्याने हेडफोन भिरकावलाच. "पापा, सच्ची, आपके पीछे कोई चल रहा है!"

"वास्तुशांत न करता राहायला आलो आपण. तरी मी सांगत होते!" नंदा म्हणाली.

"अगं, भाड्याच्या घराला कसली वास्तुशांत?"

"ते त्याला माहितेय का, भाड्याचं आहे म्हणून?"

खात्री करावी म्हणून दोघींना खाली पाठवलं आणि परत फिरलो. एकटा. मग ऐकलं. मी थांबलो की तोही मंद होत होता. भीतीने मी भराभर चालायला लागलो, तर तोही माझ्यामागे धापा टाकत निघाला. श्वास रोखून उभा राहिलो, तर तोही चिडीचूप. सांगा, कोण थांबेल अशा घरात?

नंदाने गुरुजींना फोन लावला. "आईंना दिसत नाही, आणि हा मागे मागे फिरणार! काही नको, तिकीट रद्द करा." मी जड मनाने मोबाईल हातात घेतला. तेवढ्यात आर्या पुटपुटली, "पापा, पहलावाला तो मैंने रिकॉर्ड होते ही आजी को भेज दिया था."

आणि आईचाच फोन वाजला.

"ऐकलं रे. हेडफोन लावून दोनदा ऐकलं. एक जण सारखा माझ्या मागे मागे होता."

नंदाने माझा दंड गच्च धरला. मी म्हटलं, "आई, घाबरू नकोस, आपण घर बदलू..."

"घर कशाला बदलतोस? नाक दाखव डॉक्टरला! सातवीत असल्यापासून सांगतेय, हाड वाढलंय तुझं!"

माईक माझ्या कानांत, नाक वीतभरही लांब नाही! आणि अशा रेकॉर्डिंगमध्ये पुढचा आवाज पुष्कळदा मागून आल्यासारखा वाटतो, हे मीच पहिल्या दिवशी वाचलं होतं.

"येते मी," आई म्हणाली. "तू कुठे आहेस ते घरभर ऐकू येतंय. चाचपडायचं कशाला मग?"

माझे डोळेच भरून आले. ते लपवायला मी नंदावर घसरलो. "आणि तू गं? चौदा वर्षं शेजारी झोपतेस, तुला ओळखू येऊ नये?"

"मला काय माहीत?" नंदा म्हणाली. "मला वाटायचं, पंखा वाजतोय. तीन पंखे बदलून घेतले मी!"